पुतण्याचं पोट फक्त शाळेच्या टायमाला दुखतं, काय करावं?

मळ्यातली_काकू (चोपडा तालुका)

नमस्कार सगळ्यांना. लिहू का नको लिहू असं महिनाभर चाललंय, आज घरातले सगळे शेजारच्या गावात हळदीला गेलेत म्हणून बसले लिहायला. थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

आमचं एकत्र कुटुंब आहे, सासूबाई, जेठ-जेठाणी, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि माझी लहान मुलगी. प्रश्न जेठांच्या मोठ्या मुलाचा आहे. वय १३, आठवीत. अभ्यासात बरा, क्रिकेटचा वेडा, कधी कुणाला उलटून बोलणार नाही असा पोऱ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि रोज सकाळी नऊ वाजले की पोट दुखायला लागलं. नुसतं म्हणत नाही हो, घामाने ओला होतो, दोनदा तर उलटी झाली. एसटी निघून गेली की अकरा वाजेपर्यंत एकदम ठणठणीत, वासराशी खेळतो, शेवभाजी-भाकरी दाबून खातो. म्हणून सगळे म्हणतात नाटकं करतो. जेठांनी एकदा मारलं त्याला, मग ते स्वतःच दोन दिवस जेवले नाहीत.

चोपड्याला दोन डॉक्टर झाले, रक्त-लघवी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. गॅसच्या गोळ्या दिल्या. सासूबाई एका भगताकडे घेऊन गेल्या, त्याने सांगितलं बाहेरचं आहे, हाताला धागा बांधला, अमावस्येला परत बोलावलंय. शाळेतून मुख्याध्यापकांचे दोन फोन येऊन गेले, हजेरी फार कमी भरतेय म्हणून.

आता मला कुणीतरी म्हणालं की हे मनाचं असतं, मानसोपचारवाल्यांना दाखवा. घरात शब्द काढला तर जेठाणी रडायलाच लागल्या, म्हणे माझ्या पोराला येडं ठरवता का. आणि मी काकू, आई नाही, जेठांसमोर तर मी डोक्यावरचा पदर सरकू देत नाही, बोलणार काय. माझं चुकतंय का? आणि दाखवायचं तर कुठे, जळगावला का धुळ्याला?

खानदेशी_वाघ

काकू वाईट वाटून घेऊ नका पण आमच्या टायमाला हे असं काही नव्हतं. पोट दुखतंय म्हटलं की बापाचा हात बसायचा आणि पोट गपचूप बरं व्हायचं. मोबाईल काढून घ्या आधी. अकरा वाजता शेवभाजी खाणाऱ्याचं कसलं पोट दुखतंय, त्याला माहितीये घरी राहायला मिळतं.

निवृत्त_गुर्जी (चाळीसगाव)

वाघसाहेब, ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली आहेत, तुमच्या टायमाची पोरं मीच शिकवली असतील. ज्यांची पोटं मार खाऊन बरी व्हायची त्यातली किती शाळा सोडून सालदारकीला (वर्षाच्या बोलीवर शेतमजुरीला) लागली ते हजेरीपटावर आहे, पण तो बघायला कोणी येत नाही.

काकू, तुमचं चुकत नाहीये. घामाने ओला होणारा पोरगा नाटक करत नसतो, घाम मागून येत नाही.

माझ्या अनुभवात शाळा टाळणाऱ्या पोराचं कारण दोन ठिकाणी सापडतं. एक तर शाळेत काहीतरी आहे ज्याच्यापासून तो पळतोय, नाहीतर घरी काहीतरी आहे जे सोडून त्याला जाववत नाही. शाळेतलं आधी बघा. माझ्याकडे एक पोरगी महिनाभर आली नाही, शेवटी कळलं की संडासाच्या दाराला कडी नव्हती आणि तिची पाळी सुरू झालेली. बारा रुपयांची कडी लावली, पोरगी हजर. दुसरा एक होता त्याला वाचता येत नव्हतं आणि सर प्रत्येक सोमवारी उभं करून वाचायला लावायचे (ते सर मीच, लिहायला लाज वाटते पण लिहितो). एसटीत मोठी पोरं त्रास देतात का, कोणी पैसे मागतं का, कोणी अंगाला हात लावतं का, हे सगळं विचारून घ्या.

पण समोर बसवून "सांग काय झालं" असं विचारू नका, पोरं बंद होतात. हाताला काम द्या आणि शेजारी बसा. शेंगा फोडताना, मोटरसायकलवर मागे बसवून मळ्यात जाताना. नजरेला नजर नसली की पोरं बोलतात. आणि एक मला सांगा, रविवारी दुखतं का? सुट्टीत दुखलं का? कोणत्या दिवशी *नाही* दुखलं ते आठवून लिहा, दुखलेल्या दिवसांपेक्षा ते जास्त कामाचं.

शेवभाजी_पार्सल

भगताबद्दल एवढंच, आजीशी भांडू नका. धागा हाताला राहू द्या, धाग्याने कोणाचं वाईट होत नाही आणि म्हातारीने प्रेमाने बांधलाय. पण अमावस्येला "उतरवतो" म्हणून मारहाण, धुरी, चटके असं काही निघालं तर तिथून पोराला उचलून घरी या. भूत काढायच्या नावाखाली मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे भगतालाही माहिती असतं, त्याच्या कानावर घातलं तरी पुरतं.

समुपदेशक_ताई

मी सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी समुपदेशनाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे "मनाचं आहे" याचा अर्थ "खोटं आहे" असा होत नाही. आतड्याला स्वतःच्या नसांचं मोठं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. भीती वाटली की आतडी आवळतात, मळमळतं, संडासला लागतं. परीक्षेच्या आधी आपल्यालाही होतंच की. त्या पोराला रोज सकाळी नऊ वाजता परीक्षा आहे असं समजा. दुखणं खरंच आहे, फक्त त्याचं मूळ पोटात नाही. आणि भीतीची वेळ टळली की दुखणं टळतं, म्हणून अकराला तो जेवतो. वाघभाऊ, याला नाटक म्हणत नाहीत.

तरी शरीराचं तपासून घेतलं ते बरं केलं. झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, संडासवाटे रक्त, हिरवी उलटी, सारखा ताप, बेंबीपासून लांब एकाच जागी दुखणं, यातलं काही असेल तर परत डॉक्टरांकडे. नसेल तर आता तिसरी सोनोग्राफी नको. प्रत्येक तपासणीने पोराला वाटतं माझ्या पोटात काहीतरी मोठं आहे जे कोणाला सापडत नाहीये.

"येडं ठरवता का" यावर जेठाणींना सांगा, २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये साधारण ७ टक्क्यांना काही ना काही मानसिक त्रास आढळला. म्हणजे साठ पोरांच्या वर्गात चारेक. ती काही येडी नाहीत, त्यातली बरीचशी अशीच पोट, डोकं, छाती घेऊन आमच्याकडे येतात. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे, दवाखान्यातून गावात बोभाटा होणार नाही.

कुठे दाखवायचं: तुम्हाला जळगाव जवळ. तिथे शासकीय मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं, वेळ लागतो पण होतं. धुळ्यालाही मेडिकल कॉलेज आहे. त्याच्याआधी सरकारी दवाखान्यात "मैत्री" क्लिनिकचा बोर्ड कुठे आहे ते आशाताईला विचारा, १० ते १९ वयाच्या मुलांसाठीच असतं ते, तिथे समुपदेशक बोलतात. आणि घराबाहेर पडायचंच अवघड असेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, रात्रीबेरात्री कधीही लागतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. आईनेच केला पाहिजे असं नाही, काकूनेही चालतो.

शाळा मात्र पूर्ण सोडू देऊ नका. जितके दिवस घरी तितकी परतीची वाट लांब होते. एक तास का होईना जाऊ द्या, मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा की आला तर "काय रे उगवलास का" असं कोणी म्हणू नये.

मळ्यातली_काकू

गुरुजी, ताई, तुम्हा सगळ्यांचे उपकार. चार दिवस लागले उत्तर द्यायला, आमच्याकडे हरभरा काढणं चालू आहे.

गुरुजी तुम्ही म्हणालात न दुखलेले दिवस आठवा. मी आणि जेठाणी रात्री भाकरी करताना आठवत बसलो, तर एक गोष्ट अशी निघाली की आमच्या दोघींच्या अंगावर काटा आला. डिसेंबरमध्ये जेठांना डेंग्यू झालेला, पाच दिवस ॲडमिट होते, जेठाणी तिथेच. ते पाचही दिवस हा पोऱ्या एकटा उठून, माझ्याकडून डबा घेऊन शाळेत गेला. एकदाही दुखलं नाही! तेव्हा आम्ही हसलो होतो, बाप घरी नाही तर कसा शहाणा झाला म्हणून. आणि उलटं म्हणजे एका रविवारी, शाळा नाही काही नाही, जेठ एकटेच सावद्याला निघाले केळीच्या हिशोबाला, तर याने पोट धरून लोळण घेतली. त्यांना जाऊच दिलं नाही.

मग परवा त्याला घेऊन हरभरा सोलत बसले. बराच वेळ काही बोलला नाही, मीही नाही. मग म्हणतो, "काकू, पप्पा एकलाच मळामा जातस तं माले भ्याव वाटस." मी म्हटलं कसलं भ्याव रे, वाघ का शे मळामा? तर मान खाली घालून सोलतच राहिला आणि मग एकदम बोलला.

मे महिन्याच्या वादळात आमची बाग आडवी झाली होती, घड लागलेली केळी, सगळी. सोसायटीचं कर्ज, वरून हातउसने. पंचनामे झाले पण आलं ते किती. घरात यावर कोणी बोलत नाही, पोरांसमोर तर नाहीच. आम्हाला वाटायचं पोरांना काय कळतं. तर दिवाळीत रात्री जेठ जेठाणींना म्हणाले होते की मी नसलो तर निदान विम्याचे पैसे येतील, तुम्ही तरी सुटाल. हा बाजूच्या खाटेवर जागा होता. तेव्हापासून तो बापावर लक्ष ठेवून आहे. शाळेत गेला तर नऊ ते सहा बघायला कोणी नाही. दवाखान्यात डॉक्टर होते, नर्स होत्या, म्हणून ते पाच दिवस तो निश्चिंत होता.

मला पुढे काय लिहावं सुचत नाहीये. जेठाणी म्हणतात ते असंच रागात बोलले असतील, विषय काढला तर उलट डोक्यात जाईल त्यांच्या. मी काय करू?

समुपदेशक_ताई

काकू, हे वाचून लगेच लिहितेय. आता पोराचं पोट मागे ठेवा, आधी जेठ. आणि हे आजच, सोमवारी नाही.

विषय काढल्याने डोक्यात जात नाही. ही समजूत फार पसरलेली आहे आणि चुकीची आहे. ज्याच्या डोक्यात असतं त्याला कोणीतरी सरळ विचारलं की उलट सुटल्यासारखं वाटतं. तुम्ही विचारू शकत नाही हे कळतंय, तुमच्या मिस्टरांना विचारू द्या, ते धाकटे भाऊ आहेत. फिरवून नको, स्पष्टच: "दादा, मरायचा विचार येतो का मनात?" उत्तर हो आलं तर भाषण द्यायचं नाही, "पोरांकडे बघ" असंही नाही, पोरांकडे बघूनच तर माणूस खचलेला असतो. ऐकायचं, आणि एकटं सोडायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. तिथूनच १४४१६ लावून स्पीकरवर बोललात तरी चालेल.

फवारणीची औषधं घरात किंवा मळ्यातल्या खोलीत असतील तर आजच्या आज कुलपात टाका नाहीतर दुसऱ्याच्या घरी ठेवून या, किल्ली तुमच्या मिस्टरांकडे. तो वाईट क्षण पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून परत लिहिते, आजच.

कपाशीवाला_पोऱ्या (शिंदखेडा)

मी इथे नुसता वाचतो कधी लिहीत नाही पण काकूंचं वाचून राहवलं नाही.

तो पोऱ्या मी होतो. सातवीत असताना. आमची कपाशी बोंडअळीने गेली होती आणि वडील रात्री अंगणात फेऱ्या मारायचे. मी चादरीतून चपलांचा आवाज मोजायचो, थांबला की उठून बसायचो. वर्गात मास्तर काय शिकवताय याच्याकडे लक्षच नसायचं, कान गावाकडे, ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की पोटात गोळा. माझं डोकं दुखायचं, पोट नाही. चष्मा लावला मला, नंबर नसताना! दहावीला नापास झालो. कोणाला सांगितलं नाही कारण मला वाटायचं मी तोंडाने बोललो तर खरंच होईल.

मला कशाने बरं वाटलं ते सांगतो. मामा आला होता अखाजीला (अक्षय्य तृतीयेला), त्याला कसं कळलं माहीत नाही, मला विहिरीवर नेलं आणि म्हणाला, भाचा, तू राखण करी राह्यना ना बापनी? आजपासून राखण माझी आणि तुझ्या काकाची, तू पोर शे, तू शाळेत जा. बस एवढंच. मी तिथे बसून इतका रडलो की मामा घाबरला. त्या रात्री मी पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपलो.

पण मामाने नुसतं म्हटलं नाही हां, तो खरंच रोज रात्री फोन करायचा वडिलांना आणि मला सांगायचा आज बोललो. पोराला नुसता शब्द देऊ नका, कोण कधी बघणार ते त्याला सांगा. आणि कर्जाचा आकडा पण सांगा. मला अर्धंच ऐकू यायचं आणि उरलेलं मी मनाने धरायचो, मला वाटायचं घर जाणार, म्हशी जाणार, आईला कामाला जावं लागणार. खरा आकडा नंतर कळला तो त्याच्या निम्मापण नव्हता.

वडील आहेत माझे. आत्ता बाहेर बसून बिड्या ओढताय.

खानदेशी_वाघ

काकू मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. आमचा पण एक पोरगा आहे, सहावीत. सावद्याला, रावेरला काही काम असेल तर हाक मारा, माझी गाडी आहे, रात्रीसुद्धा.

मळ्यातली_काकू

उशिरा लिहितेय, पण सगळे आहेत, आधी तेच सांगते.

त्याच दिवशी यांनी औषधं उचलून माझ्या भावाकडे ठेवली. मग संध्याकाळी दोघं भाऊ पंपावर गेले. हे म्हणतात दादा खूप वेळ काही बोलले नाहीत, पाणी कुठल्या वाफ्यात सोडायचं तेच सांगत होते, मग एकदम म्हणाले, "तुला कोणी सांगितलं." पोरग्याने असं नाही सांगितलं यांनी, मला दिसतंय असं सांगितलं. रात्री एक वाजता आले दोघं घरी. सकाळी पहिल्या एसटीने जळगाव. वाघभाऊ, गाडी लागली नाही पण तुमचं लिहिलेलं यांना वाचून दाखवलं.

डॉक्टरांनी जेठांशी वेगळं, जेठाणींशी वेगळं आणि पोऱ्याशी वेगळं बोलणं केलं. जेठांना गोळ्या सुरू झाल्यात, म्हणाले फरक पडायला दोन-चार आठवडे जातील, मधेच बंद करायच्या नाहीत. पोऱ्याला गोळी काही नाही दिली, दर पंधरा दिवसांनी बोलायला आणा म्हणाले. जेठाणी बाहेर बाकड्यावर मला हळूच म्हणाल्या, इथे तर सगळे आपल्यासारखेच लोक आहेत.

राखणीचं शिंदखेड्याच्या भाऊंनी लिहिलं ते जेठांनीच पोऱ्याला सांगितलं, आम्ही कोणी नाही. घरातल्या सगळ्यांना बसवलं, सासूबाईंनाही, वहीत कर्ज लिहून आकडा दाखवला आणि पोऱ्याला म्हणाले दिवसा काका माझ्यासोबत, रात्री तुझी आई, तुझी ड्युटी संपली. मी चुलीकडे तोंड करून उभी होते.

लगेच सगळं बरं झालं असं नाही. सोमवारी दोन तास बसला शाळेत आणि फोन करायला लावला, बुधवारी परत उलटी झाली, गेला नाही. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या फोनवरून काकांशी एक मिनिट बोलायचं असं ठरलंय, पप्पा काय करताय तेवढं विचारतो आणि ठेवतो. अमावस्या येऊन गेली, सासूबाईंनी स्वतःच भगताकडे जायचं नाव काढलं नाही. धागा आहे हाताला अजून.

निवृत्त_गुर्जी

धागा राहू द्या. मधल्या सुट्टीतला फोन मात्र परीक्षेपर्यंत चालू ठेवा, मुख्याध्यापक कुरकुरले तर मला सांगा, आमच्याच बॅचचे कोणीतरी असतील.

मळ्यातली_काकू

हो गुरुजी. उद्या शनिवार, सकाळची शाळा आहे, सातची एसटी. डबा आत्ताच भरून ठेवलाय, बघू.